सुपारीच्या खोलीतला जावई

बोर्ली पंचतनला एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पाटीवर झेरॉक्स लिहिलंय, पण पोट भरतं ते लोकांचे फॉर्म भरून. रेशन, पॅन, पासपोर्ट, सातबारा, जे म्हणाल ते. या धंद्यात माझी जीभ तिखट झाली आणि लोकांवरचा विश्वास पातळ. फॉर्मवर जो तो थोडं खोटं लिहितोच. वय दोन वर्षांनी कमी, उत्पन्न निम्मं. याला अपवाद म्हणून आयुष्यात एकच बाई भेटली, दिवेआगरच्या गोदावरीआत्या.

आत्या त्र्याहत्तर वर्षांच्या. काटक, फिक्या रंगाचं पातळ, मोकळं कपाळ, हातात काही नाही. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होता. लग्नानंतर चौदाव्या महिन्यात तो तापाने गेला तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या. मग माहेरी भावाच्या वाडीत परतल्या. पुढे तो भाऊ, मार्तंडकाका, आणि वहिनी एकाच अपघातात गेले आणि त्यांची चार वर्षांची विनिता आत्यांच्या पदरात पडली. मास्तरांची पेन्शन, सुपारीची वाडी आणि अलीकडे पर्यटकांना दिलेल्या दोन खोल्या, एवढ्यावर त्यांनी त्या पोरीला एम.ए. केलं.

पेन्शनसाठी दर नोव्हेंबरात आत्या माझ्याकडे हयातीचा दाखला भरायला येतात. त्यात विधवांसाठी एक ओळ असते, 'मी पुनर्विवाह केलेला नाही.' आत्या त्या ओळीवरून बोट फिरवून ती सावकाश वाचतात आणि मगच सही करतात. आणि नवऱ्याचं नाव विचारलं की माझ्या पुढ्यातलं पॅड ओढून स्वतः लिहितात, कागदाची घडी घालतात आणि माझ्याकडे सरकवतात. तोंडाने नाव घ्यायचं नाही. "आत्या, पन्नास वर्षं झाली, आता तरी एक उखाणा होऊन जाऊ दे," असं मी दरवर्षी छेडते. "तू लिही गपचूप," असं त्या दरवर्षी म्हणतात.

२०२०च्या वादळाने दिवेआगरच्या वाड्या आडव्या केल्या. त्यानंतर किनारा किती खचला ते मोजायला नॉर्वेहून काही माणसं आली होती. त्यातला हाल्वर नावाचा एक लांबलचक माणूस आत्यांकडे उतरला. बावीस दिवसांसाठी आला आणि पंचेचाळीस दिवस राहिला. शेवटी शेवटी किनारा कमी मोजत होता आणि विनिताकडून नारळ सोलायला जास्त शिकत होता. आत्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. त्यांनी विरोधही केला नाही. फक्त विनिताची पत्रिका काढली.

पत्रिकेत कडक मंगळ आणि वर वैधव्ययोग. "माझी पत्रिका कुणी बघितली नव्हती," आत्या म्हणाल्या, आणि त्यापुढे कुणाचं काही चाललं नाही. भटजींनी कुंभविवाहाचा उपाय सांगितला. खऱ्या लग्नाआधी मुलीचं लग्न मातीच्या घटाशी लावतात. घटात पाणी भरतात, मुलीभोवती आणि घटाभोवती सुताचे दहा वेढे घालतात, आणि मग तो घट समुद्रावर नेऊन फोडून टाकतात. पत्रिकेतलं वैधव्य घटाबरोबर संपतं, मुलगी मोकळी होते. विनिता हसत हसत बसली, हाल्वरने फोटो काढले. चार दिवसांनी दोघांचं लग्न झालं, पुढे अलिबागला रीतसर नोंदणी झाली, आणि हाल्वर आपल्या देशात परतला. विनिताने मागून जायचं होतं.

मागून म्हणजे किती मागून, ते आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. व्हिसाची फाइल माझ्याकडे आली. एकदा कागद अपुरे म्हणून परत आली, पुन्हा भरली. लग्न खरं आहे हे पटवायला फोटो, तिकिटं, बोलल्याचे पुरावे, सगळं जोडलं. घरच्या वडीलधाऱ्या माणसाने लग्न कसं झालं ते आपल्या शब्दांत लिहून द्यायचं होतं. आत्यांनी दोन पानं लिहून दिली. त्या दिवशी वीज नव्हती आणि भाषांतरकाराकडे कागद नेणारा माणूस मुंबईच्या गाडीसाठी दारात ताटकळत उभा होता. मी ती पानं न वाचता त्याच्या हातात दिली. स्वयंपाकिणीने चव न घेता आमटी वाढावी तसं झालं ते.

याच सुमाराला विनिता एकदा दुकानात म्हणाली, "शिवानीताई, हाल्वर विचारतो, व्हिडिओ कॉलवर तुझ्यामागे दारात ते काका रोज उभे असतात ते कोण?"

"नामा असेल," मी म्हटलं. नामा त्यांचा वाडीतला गडी.

"नामा दुपारी जेवायला घरी जातो. आम्ही तीन वाजता बोलतो. तेव्हा घरात आत्या आणि मी, दोघीच असतो." ती हसली, पण मध्येच थांबली. मी नेटवर्कला नावं ठेवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं आधार कार्ड मशीनवर ठेवलं.

मार्चमध्ये व्हिसा कार्यालयाचं पत्र आलं. मी ते तीनदा वाचलं, मग विनिताला बोलावून मराठीत सांगितलं. पत्रात दोन गोष्टी होत्या. पहिली अशी: अलिबागच्या नोंदणीत विनिता अविवाहित असल्याचं लिहिलंय, पण घरच्या ज्येष्ठ व्यक्तीच्या निवेदनानुसार तिचा पहिला विवाह या लग्नाच्या चार दिवस आधी राहत्या घरी झाला, तो विवाह संपल्याचा पुरावा, म्हणजे घटस्फोटाचा हुकूम किंवा पतीच्या मृत्यूचा दाखला, तीस दिवसांत द्यावा, नाहीतर अर्ज निकाली काढला जाईल. आत्यांनी खरं तेच लिहिलं होतं. पहिलं लग्न, दुसरं लग्न. घट हा शब्दसुद्धा त्यांनी वापरला नव्हता.

मला हसू आलं होतं. दुसरी गोष्ट वाचल्यावर ते गेलं. अकरा फेब्रुवारीला दुपारी सव्वातीन वाजता व्हिसा कार्यालयाने अर्जातल्या घरच्या नंबरवर फोन केला होता. एका पुरुषाने तो उचलला. आपण विनिताचे पती आहोत असं त्याने मराठीत सांगितलं. ती कुठे जाणार आहे का, असं दुभाष्याने विचारल्यावर तो म्हणाला, ती कुठेही जाणार नाही.

"घरचा नंबर?" विनिताने विचारलं. "कुठला घरचा नंबर?"

तो मीच तिच्या जुन्या पासपोर्टच्या कागदांवरून उतरवला होता. वादळात खांब पडले तेव्हापासून त्या फोनची तार तुटून माडाला लोंबकळते आहे. नवी तार कुणी ओढली नाही.

मी दुकान बंद केलं आणि विनिताला स्कूटरवर मागे बसवून दिवेआगरला गेले. फोन ओटीवर जिथल्या तिथे होता, वर आत्यांनी विणलेलं झाकण. मी रिसीव्हर कानाला लावला. काही नाही, साधी खरखरसुद्धा नाही. खाली ठेवताना कानाजवळच्या भोकांतून पाण्याचा एक थेंब माझ्या मनगटावर पडला. गार होता. मी तो पदराला पुसला आणि विनिताला बोलले नाही.

आत्या मागच्या पडवीत सुपारी निवडत होत्या. मी त्यांना मनातला सोपा उपाय सांगितला. प्रतिज्ञापत्र करायचं. पहिला नवरा म्हणजे मातीचा घट होता, ही आमच्याकडची रीत आहे, आणि विधीनंतर तो घट मी स्वतः समुद्रात फोडला, असं लिहून खाली आत्यांनी सही करायची. भटजींचं पत्र जोडू. विषय संपला.

"मी सही करणार नाही," आत्या म्हणाल्या.

"का?"

"खोटं आहे ते."

माझा पारा चढला. तीस दिवसांतले सहा गेलेच होते. मी म्हटलं, "आत्या, पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे. यात खोटं काय आहे?" त्या सुपारी निवडत राहिल्या. बोलला नामा. तो पायरीवर बसून कोयत्याला धार लावत होता.

"परत येताना पाटी रिकामी न्हवती बाय, घट तसाच होता आत," तो खाली बघत म्हणाला. "मी संगती होतो. समुद्रावर गेलो, उभं राह्यलो, नि तशेच परत आलो. आत्याबायनी कुणाला बोलू नको म्हणून सांगितलं. त्या सुपारीच्या खोलीत मी पाय ठेवत न्हाय. पोती भायेरूनच ढकलतो."

विनिता उठली आणि पडवीच्या टोकाच्या खोलीचं दार तिने उघडलं. मी तिच्यामागे. आत सुपारीचा उग्र वास असायला हवा होता, तो नव्हता. ओल्या मातीचा होता. कोपऱ्यात पाटावर घट होता, वर स्वच्छ फडकं, पुढ्यात केळीच्या पानावर वरणभात. फडकं बाजूला केलं तर पाणी काठोकाठ. मातीचं भांडं पाझरतं, हे लहान मुलालाही माहीत असतं. दोन वर्षं ते पाणी धरून राहत नाही. घटाभोवतीचं सूत ओलं होतं आणि नुकतंच गुंडाळल्यासारखं पांढरं होतं.

"पाणी रोज भरता?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी भरलं होतं," दारातून आत्या म्हणाल्या. "मी फक्त पान वाढते. जावई आहे."

विनिता रडली नाही. तिचा चेहरा बघून मलाच रडू येत होतं. "आत्या," ती म्हणाली, "मी जाऊ नये म्हणून ठेवलास का गं?"

मनातून मीही हेच विचारत होते. भलं करायच्या नावाखाली माणसं माणसांना कशी धरून ठेवतात ते मी दुकानात रोज बघते.

आत्या उंबऱ्यावर बसल्या. "मास्तर गेले तेव्हा मला त्या विहिरीपाशी नेलं," त्या म्हणाल्या. "दोन्ही हात धोंड्यावर ठेवायला लावले आणि बांगड्या फोडल्या. कुंकू पुसलं. बायकाच होत्या, माझ्याच नात्यातल्या. तो आवाज अजून माझ्या कानात आहे, विनू. समुद्रावर मी घट वर उचलला तेव्हा तोच आवाज आधीच ऐकू आला. म्हटलं, एका क्षणापुरतीसुद्धा मी हिला विधवा करणार नाही. रीत असली तरी नाही. परत घेऊन आले. मग घरात एक माणूस वाढल्यासारखं झालं. कुणाला त्रास नव्हता त्याचा."

"फोन त्याने उचलला, आत्या."

"माहितीये. मी ऐकलं." आत्यांनी घटाकडे पाहिलं, रागाने नाही. "त्याला एकटं राहायचं नाहीये, एवढंच आहे ते. मला कळतं."

मी खोलीतून बाहेर आले. नामा म्हणाला, घट माझ्याकडे द्या, मी दगडाने फोडतो, पाप लागलं तर लागलं. विनिता म्हणाली, मीच फोडते. आत्या दोघांनाही नको म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "उद्या तीनला ये. तुझा तो कागद आण. पण खाली काय लिहायचं ते मी सांगेन."

दुसऱ्या दिवशी तीनला गेले तर ऊन रणरणतं, वाडीत एक पक्षी नाही. आत्या हिरवं नऊवारी नेसल्या होत्या, बहुधा त्यांच्या स्वतःच्या लग्नातलं, घड्यांवर पिवळं पडलेलं. त्यांनी विनिताच्या हातात घटावरच्या सुताचं टोक दिलं. "उलटं सोडव. दहा वेढे. मोज." विनिता घटाभोवती उलटी फिरत सूत सोडवत गेली. प्रत्येक वेढ्याला घटातलं पाणी थोडं हलत होतं, काठावर येत होतं, पण सांडत नव्हतं. दहावा वेढा सुटला तेव्हा विनिताने मोठा श्वास घेतला, बराच वेळ पाण्याखाली राहून वर आल्यासारखा.

मग आत्यांनी ते सूत स्वतःच्या हातात घेतलं. त्या काय करताहेत ते माझ्या लक्षात येईपर्यंत त्यांचा तिसरा वेढा झाला होता. घटाभोवती आणि स्वतःभोवती.

"आत्या, नको," विनिता म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस. तू जा. त्याला कुणीतरी हवंय आणि तुला जायचंय. मला कुठे जायचंय?" त्यांनी दहा वेढे पुरे केले आणि कोयरी उघडून स्वतःच्या बोटाने कपाळाला कुंकू लावलं. एक्कावन्न वर्षांनी. हात थोडा चुकला, कुंकू डावीकडे गेलं. घटातलं पाणी शांत झालं. ओटीवरचा झोपाळा एकदा करकरला. वारा नव्हता.

"आता लिही," आत्या मला म्हणाल्या. "हा विधी मातीच्या घटाशी झाला होता. त्या घटाशी विनिताचा आता काही संबंध उरलेला नाही. घट माझ्याकडे आहे. हे खरं आहे, मी सही करते."

श्रीवर्धनला नोटरीने ते वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. भटजींचं पत्र, विधीचे फोटो, भाषांतर, सगळं एकोणिसाव्या दिवशी पोहोचलं. या वेळी मी प्रत्येक ओळ स्वतः वाचली. आणि त्या आठवड्यात हाल्वर कॉलवर विनिताला म्हणाला, "ते काका आता दिसत नाहीत. गेले का?"

जुलैत व्हिसा आला. ऑगस्टमध्ये विनिता निघाली. मी तिला दिघीच्या धक्क्यापर्यंत सोडायला गेले. तिथून फेरीने आगरदांडा आणि पुढे गाडीने मुंबई. आत्या आल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "घरी माणूस आहे, त्याला टाकून कशी येऊ?" विनिता फेरीच्या कठड्याशी उभी राहून पलीकडे लागेपर्यंत दिवेआगरच्या दिशेने बघत होती. मी तिला हात केला. मला बरं वाटत होतं आणि अजिबात बरं वाटत नव्हतं.

गावात कुजबुज झाली. म्हातारीला चळ लागला, पोरीच्या विरहाने असं होतं, वगैरे. मीही तसंच म्हणत होते, कारण तसं म्हटलं की झोप लागते. मग दिवाळीनंतर विनिताचा फोन आला. आत्यांशी रोज व्हिडिओवर बोलणं होतं, आत्या खूश आहेत, म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "हाल्वर विचारतो, आत्यांच्या शेजारी झोपाळ्यावर ते काका बसतात, ते परत कधी आले? मला नाही दिसत, ताई. त्यालाच दिसतात."

काल सत्तावीस नोव्हेंबर. आत्या हयातीच्या दाखल्यासाठी आल्या. हातात हिरव्या काचेच्या बांगड्या, कपाळावर कुंकू, आता अगदी मधोमध. अंगावर थोडं मांस आलेलं. इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. सुखी दिसत होत्या. बाकावर बसल्या त्या एका कडेला, शेजारी एका माणसाची जागा ठेवून.

मी फॉर्म पुढे केला. त्यांनी नेहमीसारखं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि सावकाश वाचलं. 'मी पुनर्विवाह केलेला नाही.'

"ही ओळ खोड," त्या म्हणाल्या.

"आत्या, पेन्शन बंद होईल."

"होऊ दे. मास्तरांचे पैसे मी आता घेऊ नयेत."

"अहो, पण खाल काय? आणि हे बँकेला सांगायलाच हवं असं कुणी म्हटलंय? कुणाला कळणार आहे?" मी चिडले होते. खरं म्हणजे घाबरले होते.

"मला कळतं ना," त्या म्हणाल्या. "खोड."

मी खोडली. ओळ खोडली की खाली तपशील भरावा लागतो. पुनर्विवाहाची तारीख. त्यांनी सांगितली, मी लिहिली. पुढचा रकाना नवऱ्याच्या नावाचा. माझं पेन तिथे थांबलं. आत्यांनी माझ्या पुढ्यातलं पॅड ओढलं. मग शेजारच्या रिकाम्या जागेकडे मान थोडी कलती केली, आपण हळू बोलणाऱ्याचं ऐकायला करतो तशी. ऐकलं. थोड्या लाजल्या. लिहिलं, घडी घातली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

मला त्या निघताना नेहमी "येते गं" म्हणतात. काल उठल्या आणि बाकाकडे बघून म्हणाल्या, "चला."

त्या गेल्यावर पाहिलं तर बाकावर, त्यांच्या शेजारी, घटाच्या बुडाएवढं ओलं वर्तुळ होतं. मी ते पुसलं. आज सकाळी पुन्हा होतं, पुन्हा पुसलं. फॉर्म तीस तारखेपर्यंत बँकेत जायला हवा. आत्यांचा एक कागद मी न वाचता पुढे पाठवला होता, आणि त्याचं काय झालं ते सांगितलंच. हा वाचल्याशिवाय पाठवता येणार नाही, कारण ते नाव मलाच माझ्या हाताने फॉर्मवर लिहायचं आहे. घडी तशीच माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मी दोनदा हात लावून पाहिलं. कागद अजून सुकलेला नाही.